लिबेरो आणि आपण ओव्हाळ

कालगुर्ली,
४ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुमच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं. मी सांगते एक आणि तुम्ही भलत्यालाच हो हो म्हणता, म्हणून हे पत्र. आणि आजची गोष्ट हो हो करून सोडण्यातली नाहीये. काल दादाचा फोन आला होता. तो आडनाव बदलतोय! स्वतःचं, पद्मावहिनीचं आणि उर्वीचं. ओव्हाळ काढून वडगावकर लावणार. फॉर्म आणून ठेवलेत म्हणे, सह्या तेवढ्या बाकी आहेत. हे सगळं तो इतक्या आरामात सांगत होता की जणू हॉलला नवा रंग काढायचाय.

मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणे इथल्या लोकांना ओव्हाळ म्हणता येत नाही. मी विचारलं की मग वडगावकर म्हणता येतं का? त्यावर त्याला एकदम मीटिंग आठवली. शनिवारी! बाबा, मी काही कुक्कुलं बाळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्यांना आपल्या आडनावाशी काडीचं घेणं नाही. ज्यांना आडनाव ऐकलं की गाव, आळी आणि सगळंच कळतं, त्या आपल्याच लोकांपासून तो लपतोय. टूवूंबाला जाऊन!

तुम्ही त्याच्या घरी राहताय. तुमच्यासमोर हे चाललंय आणि तुम्ही मला एका अक्षराने कळवलं नाहीत, याचा मला फार राग आलाय. त्याला थांबवा. तुमचं तो ऐकतो.

शेजारच्या म्हाताऱ्याबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं ना, चौऱ्याऐंशी वर्षांचा, चाळीस वर्षं सोन्याच्या खाणीत काढलेला? काल रागाच्या भरात मी कुंपणाशी उभी राहून त्यालाच सगळं सांगितलं. त्याने तोंडातली ऑलिव्हची बी थुंकली आणि दादाला एक इटालियन शिवी दिली. मग म्हणाला की नावाबद्दल त्याला बरंच माहीत आहे, कारण त्याचं नाव लिबेरो आहे. पुढच्या शनिवारी ये, सांगतो, म्हणाला.

गुडघ्याला तेल लावत जा. थंडी आहे. तुमचा हात डोक्यावर असू द्या, पण आधी दादाचा कान धरा.

तुमची,
स्वप्ना


टूवूंबा,
१३ ऑगस्ट २०२४

चि. स्वप्नास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तू माझ्यावरच ओरडलीस. आईवर गेलीस हो अगदी!

आधी त्या म्हाताऱ्याचं. लिबेरो हे काय नाव झालं? बत्तीस वर्षं पोरांना व्हॉलीबॉल शिकवला मी, मला नको सांगू. लिबेरो म्हणजे मागच्या रांगेतला गडी. त्याला बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा शर्ट, आणि नेटपाशी उडी मारून स्मॅश करायची त्याला बंदी. कुणी आईबापाने पोराला हे नाव का ठेवावं? वेगळे कपडे आणि पुढे यायचं नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांना नाव न ठेवताच मिळालेलं होतं. विचार त्याला.

आता अतुलचं. पोरी, तू फार लांब राहतेस. इथे काय झालं ते तुला त्याने सांगितलं नसेल. इथली दहा-अकरा मराठी घरं महिन्यातून एकदा बागेत जमतात, प्रत्येक घरातून एक पदार्थ आणायचा. मी आल्यानंतर पहिल्यांदाच गेलो तेव्हा शैलाबाई म्हणून एक आहेत, त्यांनी मला विचारलं की ओव्हाळ म्हणजे नेमके कुठले? मी सांगितलं. मावळातले, वडगावचे. त्या म्हणाल्या, अच्छा अच्छा. बास. पद्माने त्या दिवशी भरली वांगी केली होती, मोठं पातेलं भरून. आदल्या महिन्यात याच वांग्यांची रेसिपी चार बायकांनी तिला विचारली होती. त्या दिवशी झाकण कुणी उचललं नाही. सगळ्यांचीच पोटं भरलेली होती. आम्ही ते पातेलं मांडीवर घेऊन गाडीतून परत आलो. पुढचे चार दिवस आम्ही वांगीच खाल्ली.

अतुलने आठ दिवसांनी फॉर्म आणले. आता तूच सांग, त्याला मी काय म्हणू? इथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. बस असून नसल्यासारखी. माणसाला चार घरं लागतात. उर्वीच्या मैत्रिणी त्यातल्याच आहेत. तू त्याला टोचून बोलू नकोस. ज्याचं त्याला करू दे.

पातळ वरणावर किती दिवस काढणार आहेस? नीट जेव. माया आहेच, ती कमी होणार नाही.

तुझा बाप,
सुखदेव


कालगुर्ली,
२४ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

ज्याचं त्याला करू दे? हे तुम्ही लिहिलंत? तुमचंच अक्षर आहे म्हणून विश्वास ठेवला. वांग्यांचं वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. वहिनीला फोन केला तर ती म्हणाली, जाऊ दे गं, आणि रडली. त्या शैलाबाईंचं झाकण मीच उघडलं असतं तिथे असते तर!

लिबेरोला तुमचा व्हॉलीबॉल सांगितला. हसता हसता त्याला ठसका लागला. म्हणाला, तुझ्या बापाला सांग की खेळातल्या गड्याला ते नाव या शब्दावरून मिळालं, मला त्या गड्यावरून नाही. तो गडी मोकळा असतो, रेफरीला न विचारता आत-बाहेर करतो, म्हणून लिबेरो. शब्दाचा अर्थच मोकळा, स्वतंत्र. फार जुना शब्द आहे. जुन्या रोममध्ये लीबेर नावाचा द्राक्षांचा देव होता आणि त्याच्या सणाला पोरं लहानपणचे कपडे उतरवून मोठ्या माणसाचा झगा पहिल्यांदा घालायची.

पण माणसांना हे नाव जोरात द्यायला लागले ते दीड-एकशे वर्षांपूर्वी, आणि बाबा, इथे मी सरसावून बसले. इटलीत पोराला संताचं नाव द्यायचं, आणि ते पाद्र्याने पाणी शिंपडून द्यायचं, अशी रीत. तिथल्या खाणकामगारांनी, शेतमजुरांनी ठरवलं की आम्हाला ना तुमचा राजा हवा ना पाद्री, तर पोरांना नाव तरी तुमचं का? मग कुणी ठेवलं लिबेरो, कुणी रिबेल्ले म्हणजे बंडखोर, कुणी तर आतेओ, म्हणजे चक्क नास्तिक! पाद्री म्हणाले की असला कुणी संत नाही, आम्ही नाव देणार नाही. आईबाप म्हणाले, तुम्हाला विचारलंय कुणी? पुढे मुसोलिनी आला तेव्हा सरकारच असल्या नावांच्या मागे लागलं. कित्येकांना नावं बदलायला लावली. लिबेरोचा बाप कार्राराचा, संगमरवराच्या खाणीतला. मुसोलिनीचे काळे शर्टवाले झोडपायला लागले म्हणून तो पळून इथे आला. इथे चौतीस साली दंगल झाली तेव्हा इटालियन लोकांची घरं जाळली, त्यात त्याच्या बापाचंही पत्र्याचं घर गेलं. त्याने त्याच जागेवर परत बांधलं. त्याच घराच्या व्हरांड्यात बसून मी हे ऐकत होते.

मी त्याला आपलं सांगितलं. तुमच्या आजोबांचं नाव धोंड्या, त्यांच्या भावाचं कचऱ्या, चांगलं नाव ठेवलं तर गावचा पाटील चिडायचा. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर माझ्या आजोबांनी घरातल्या सगळ्यांची नावं बदलली, आणि नंतर तुम्ही झालात तेव्हा सुखदेव ठेवलं. म्हाताऱ्याने आत जाऊन माझ्यासाठी डुकराच्या मांसाची सलामी कापून आणली. नो वरीज म्हणून मी खाल्ली पण.

इथे मला सगळे स्वॉप्स म्हणायचे. आमच्या खाणीत खाली उतरताना प्रत्येकाने आपल्या नावाचा टॅग बोर्डावर लावायचा आणि वर आल्यावर काढायचा. एकही टॅग बोर्डावर राहिला असेल तर सुरुंग उडवत नाहीत, कारण ते माणूस अजून खाली असतं. माझ्या टॅगवर स्वॉप्स लिहिलेलं होतं, दोन वर्षं मी चालवून घेतलं. सोमवारी जाऊन बदलून घेतलं. स्वप्ना ओव्हाळ, पूर्ण. शिफ्ट बॉस म्हणाला, मेट, नाव टॅगवर मावत नाहीये. मी म्हटलं, मग अक्षरं बारीक कर.

हे मी करू शकते कारण मला कधी कुणी लाजायला शिकवलं नाही. मग दादाला कुणी शिकवलं? तुम्ही तर नाही. आपल्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दारातूनच दिसायचा. एकाच घरात वाढलो ना आम्ही?

उत्तर लवकर पाठवा. रागावले आहे, पण प्रेम होतं तेवढंच आहे.

तुमची,
स्वप्ना ओव्हाळ


टूवूंबा,
३ सप्टेंबर २०२४

चि. स्वप्नास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

एकाच घरात वाढलो ना, असं तू विचारलंस. नाही. हे पत्र मी चार दिवस लिहितोय. तीन कागद फाडले.

एकोणनव्वद साली माझी बदली पुण्यात पेठेतल्या शाळेत झाली. तू दोन वर्षांची होतीस, अतुल आठचा. दापोडीहून सायकलने येऊन जाऊन माझी छाती भरून यायची, म्हणून शाळेजवळ खोली बघायला लागलो. चार ठिकाणी खोली रिकामी होती, आडनाव सांगितलं की नव्हती. पाचव्या ठिकाणी मालकांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, वडगावकर. ठरवून म्हटलं नाही गं. पण एकदा निघाल्यावर परत घेतलंही नाही. खोली मिळाली.

तीन वर्षं आपण त्या घरात वडगावकर होतो. बाबासाहेबांचा फोटो टॉवेलात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. चौदा एप्रिलला तुझी आई दार लावून घ्यायची, तो बाहेर काढायची, फूल वाहायची आणि परत गुंडाळायची. तू म्हणतेस तो भिंतीवरचा फोटो त्यानंतरचा, आपण स्वतःच्या घरात गेल्यावरचा. अतुलला मी मुद्दाम लांबच्या शाळेत घातलं. शाळेत तो ओव्हाळ आणि घरी वडगावकर. शाळेतला एकही मित्र त्याने घरी आणायचा नाही, असा नियम केला होता.

एकदा जिन्यात खेळताना मालकांच्या मुलीला त्याने खरं आडनाव सांगितलं. पोरच ते, सांगून गेलं. तिला काही कळलंही नसेल. पण मी ऐकलं. त्याला आत ओढलं आणि थोबाडीत मारली. जोरात. त्याचा ओठ फुटला. आणि मग त्याच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं, मी अतुल वडगावकर, मी अतुल वडगावकर. मी शाळेत पोरांकडून कवायत करून घेतो ना, तशा आवाजात.

त्याने हे आडनाव नवीन शोधून काढलेलं नाही. मीच त्याला दिलेलं आहे. परवा मी धीर करून त्याला म्हटलं की राहू दे ते फॉर्म. तो शांतपणे म्हणाला की बाबा, तुम्हीच शिकवलंत. आता मी कुठल्या तोंडाने त्याचा कान धरू?

येत्या एकोणतीसला बागेत परत सगळे जमणार आहेत. नवीन दोन घरं आलीत म्हणून प्रत्येकाने ओळख करून द्यायची आहे. त्या दिवशी निदान नव्या घरांसमोर आपण सगळे वडगावकर म्हणूया, असं अतुलने मला सांगितलं आहे. मी हो म्हटलंय.

तुझ्या मनात माझ्याबद्दल जे होतं त्यातलं किती उरेल माहीत नाही. उरेल तेवढं राहू दे.

तुझा,
बाबा


कालगुर्ली,
१३ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

सगळं उरलंय. आधी हे वाचा, मग पुढचं.

मी खूप रडले. तुमच्यासाठी, आईसाठी, आणि सगळ्यात जास्त जिन्यातल्या त्या आठ वर्षांच्या दादासाठी. त्याला मी गेले महिनाभर भित्रा म्हणत होते. मग मला तुमचा राग आला, तो अजूनही आहे, खोटं कशाला बोलू. त्या मालकांचा तर इतका आलाय की हाताशी काहीच नाही म्हणून मी अंगणातलं सगळं गवत उपटलं.

ते करताना लिबेरोने मला पाहिलं. तो काठी टेकत आला आणि काय झालं विचारलं. मी सांगितलं. बाबा, तुम्हाला न विचारता तुमचं परक्याला सांगितलं, त्याबद्दल माफ करा. पण त्यानंतर त्याने जे सांगितलं ते आधी कधीच सांगितलं नव्हतं.

त्याचं जन्माच्या दाखल्यावरचं नाव लिबेरो नव्हतंच. तो जन्मला चाळीस साली जुलैत, इटली युद्धात उतरल्यावर महिन्याभरात. इथे इटालियन माणसांना धरून छावण्यांत नेत होते. त्याच्या बापाने, काळ्या शर्टवाल्यांचा मार खाल्लेल्या, जळालेल्या जागेवर परत घर बांधणाऱ्या त्या बापाने, ऑफिसात जाऊन मुलाचं नाव लिहिलं लुईस. साधं, इंग्रजी. बायकोला म्हणाला, लिबेरो नाव लिहिलं तर पोलीस आपल्यावरच नजर ठेवतील. पुढच्या महिन्यात पोलिसांनी त्याला नेलंच. नावाने काहीसुद्धा वाचलं नाही. चार वर्षांनी तो सुटून आला तेव्हा पोरगं लुईसला ओ देत होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी बापाने त्याला समोर उभं केलं आणि सांगितलं की तुझं नाव लिबेरो ठेवायचं होतं, मी घाबरलो. भीती माझी होती, ती तू कशाला वाहायची? मी ती परत घेतोय. तुला लुईस आवडत असेल तर लुईस राहा, पण माझ्या भीतीमुळे राहू नकोस. आणि हे त्याने घरात नाही सांगितलं, शाळेच्या फाटकात सांगितलं, बाकीच्या बापांसमोर. लिबेरो एकवीस वर्षांचा झाला तेव्हा स्वतः फॉर्म भरून आला. म्हणाला, बापाने नाव दिलं म्हणून नाही, बापाने भीती परत घेतली म्हणून मी ते घेऊ शकलो.

बाबा, तुम्ही विचारलंत कुठल्या तोंडाने. त्याच तोंडाने. ज्या तोंडाने त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलंत, त्याच. दादाचा कान धरायचा नाहीये. त्याला समजावायचंही नाहीये. तुम्ही तुमचं परत घ्या. पुढे तो वडगावकर राहिला तर राहिला, मी त्याला एक शब्द बोलणार नाही, वचन देते. पण एकोणतीस तारखेला तुम्ही वडगावकर म्हणू नका. माझं एवढं ऐका.

तुमच्यावर रागावलेली आणि तुमच्याच बाजूची,
स्वप्ना


टूवूंबा,
१ ऑक्टोबर २०२४

चि. स्वप्नास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझ्या त्या लिबेरोला माझा जयभीम सांग. त्याच्या बापाला माझ्यापेक्षा लवकर कळलं. मला पस्तीस वर्षं लागली.

रविवारी गाडीत मी अतुलला सांगितलं की तुला काय म्हणायचं ते म्हण, मी ओव्हाळ म्हणणार आहे. त्याने गाडी बाजूला घेतली. म्हणाला की मग आपण जायलाच नको. पद्मा मागून म्हणाली की मी पातेलं भरून वांगी केलीत, जायचंच. ही पोरगी एरवी तोंडातून शब्द काढत नाही! अतुलने गाडी परत सुरू केली.

बागेत फुलांचा कार्निव्हल, माणसांची ही गर्दी. आम्ही झाडाखाली गोल बसलो. श्रीनिवास म्हणून एक गृहस्थ आहेत त्यांनी ओळखी सुरू केल्या. अतुलची पाळी आली. तो उठला आणि म्हणाला, मी अतुल. आडनाव घेतलंच नाही, बसला. मग मी उठलो. मी म्हणालो की मी सुखदेव ओव्हाळ, वडगावचा, निवृत्त पी.टी. शिक्षक, बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माचा माणूस. जयभीम. मग म्हणालो की पस्तीस वर्षांपूर्वी एका खोलीसाठी मी भिऊन खोटं आडनाव सांगितलं आणि ते पाठ व्हावं म्हणून या माझ्या मुलाला ओठ फुटेस्तोवर मारलं. चूक त्याची नव्हती, त्याने खरं सांगितलं होतं. भीती माझी होती. ती मी आज तुम्हा सगळ्यांसमोर परत घेतो. अतुल, मला माफ कर.

शैलाबाई चटईचा धागा ओढत होत्या. श्रीनिवासरावांनी घसा खाकरून पुढच्या माणसाचं नाव विचारलं. उर्वीने मात्र मोठ्याने विचारलं, डॅड, व्हॉट इज आवर नेम देन? अतुल उठून गाडीकडे गेला. मी मागे गेलो. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि आठ वर्षांच्या पोरासारखा रडत होता. म्हणाला की बाबा, तिचं नाव निशा होतं. मालकांच्या मुलीचं. तिने विचारलं म्हणून सांगितलं होतं हो. मी त्याला जवळ घेतलं. त्या दिवशी घ्यायला हवं होतं.

घरी येऊन फॉर्मचं काय केलं ते मी विचारलं नाही. ते त्याचं त्याने ठरवावं, तसं तुझं वचन आहेच.

आज सकाळी त्याने त्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. मला मोबाईल आणून दाखवला. चौदा ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं जेवण आमच्या घरी, सगळ्यांनी यावं. आणि खाली लिहिलं होतं, अतुल, पद्मा, उर्वी व सुखदेव ओव्हाळ.

संध्याकाळपर्यंत डझनभरातल्या तीन घरांनी येतो म्हणून कळवलं. बाकीच्यांनी वाचलंय, उत्तर नाही. पद्माने विचारलं की किती जणांचा स्वयंपाक करू. अतुल म्हणाला, सगळ्यांचा कर.

तुझ्यावरची माया पूर्वीपेक्षा वाढलेली आहे, ती तशीच वाढू दे.

तुझा बाप,
सुखदेव ओव्हाळ